आधी नाक, मग जीभ : व्हिस्कीविषयी वाचकांचे प्रश्न

व्हिस्कीच्या चवीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : व्हिस्कीचा घोट घेतला की मला फक्त जळजळ जाणवते. सोबतची मंडळी मात्र सफरचंद, व्हॅनिला, धूर असे काय काय सांगत असतात. माझ्या जिभेतच काही कमी आहे का?

उत्तर : आपण जिभेला उगाच दोष देत आहात, कारण हे काम मुळात तिचे नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी रुचकर चव) एवढ्याच मूळ चवी जीभ ओळखते. सफरचंद, व्हॅनिला किंवा धूर हे गंध आहेत आणि ते नाकालाच कळतात. घोट गिळल्यानंतर तोंडातली वाफ घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढते आणि तिथे मिळणारा वास आपल्याला तोंडातली चव म्हणून जाणवतो. सर्दीने नाक चोंदले की जेवण बेचव लागते ते याच कारणाने. जळजळीचा मामला आणखी वेगळा आहे. तोंडात उष्णतेचा चटका टिपणाऱ्या ज्या संवेदी रचना असतात, त्या एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जाग्या होतात. अल्कोहोलच्या सान्निध्यात मात्र त्या ३४ अंशांच्या आसपासच जाग्या होतात, म्हणजे शरीराची नेहमीची ऊबच त्यांना चटका वाटू लागते. मिरचीचा तिखटपणा टिपणाऱ्या रचनाही याच आहेत, आणि तिखटाप्रमाणेच या जळजळीचीही काही प्रमाणात सवय होते.

तेव्हा प्रारंभ नाकापासून करावा. ग्लासात १५ ते २० मिलिलिटर व्हिस्की ओतून ती काही मिनिटे तशीच राहू द्यावी, म्हणजे वर साठलेली अल्कोहोलची तीव्र वाफ थोडी विरते. वाइनप्रमाणे ग्लास जोरजोरात घुमवू नये, कारण त्याने नेमकी तीच वाफ पुन्हा उसळते. ग्लास प्रथम हनुवटीच्या पातळीला धरावा आणि वास जिथे जाणवू लागेल तिथेच थांबावे; नाक ग्लासात खुपसण्याची गरज नाही. ओठ किंचित उघडे ठेवून श्वास घेतला तर नाकाला झिणझिण्या कमी येतात. डाव्या आणि उजव्या नाकपुडीने वेगवेगळा वास घेऊन पाहावा, कारण एका वेळी दोन्ही नाकपुड्या सारख्या मोकळ्या नसतात.

पहिला घोट तोंड तयार करण्यापुरताच घ्यावा आणि त्यावरून कोणतेही मत बनवू नये. दुसरा घोट अगदी लहान, चमचाभराहून कमी असावा. तो जिभेवर काही क्षण फिरवून गिळावा आणि मग ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास सोडावा. आपले सोबती ज्या सफरचंदाविषयी बोलतात ते या सोडलेल्या श्वासात असते. पुष्कळ लोक घोट घेताच तोंड उघडून ‘हा’ करतात आणि ग्लासातला सर्वांत चांगला भाग खोलीतल्या हवेला देऊन टाकतात.

प्रश्न : चांगल्या व्हिस्कीत पाणी घालणे म्हणजे तिचा अपमान, असे मला नेहमी सुनावले जाते. मग पाणी, बर्फ, सोडा यांपैकी काहीच चालत नाही का?

उत्तर : ज्यांच्या नाकावर कारखान्याचा सगळा व्यवहार उभा असतो, ते ब्लेंडर, म्हणजे निरनिराळ्या पिंपांतल्या व्हिस्की मिसळून चव जुळवणारे तज्ज्ञ, नमुना तपासताना तो पाणी घालून सुमारे २० टक्के अल्कोहोलपर्यंत खाली आणतात. एका बैठकीत त्यांना कित्येक नमुने हुंगायचे असतात आणि मूळ तीव्रतेला नाक लवकर बधिर होते. शिवाय पातळ केलेल्या नमुन्यात दोष लपत नाहीत. पाण्याला अपमान मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पाण्याने नेमके काय घडते यावर स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांचे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. धुराचा वास देणाऱ्या ग्वायकॉल या संयुगाचे रेणू निरनिराळ्या तीव्रतेच्या मिश्रणात कुठे राहतात, हे त्यांनी संगणकावर पाहिले. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर हे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या बाजूला, गोळा होतात. ५९ टक्क्यांच्या पुढे मात्र अल्कोहोल त्यांना वेढून टाकते आणि ते द्रवात खोलवर राहतात. पिंपातून काढून पाणी न घालता बाटलीबंद केलेल्या तीव्र व्हिस्कीला पाण्याचे थेंब पडताच तिचा वास खुलतो, या जुन्या अनुभवाशी हे जुळणारे आहे. पण त्यालाही मर्यादा आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासात असे आढळले की, मिश्रणात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले की एकाच प्रकारातल्या निरनिराळ्या व्हिस्की वासाला सारख्याच वाटू लागतात. दोष शोधणाऱ्या ब्लेंडरला त्यापलीकडे जावे लागते. ज्याला दोन व्हिस्कींतला फरक अनुभवायचा आहे त्याने जाऊ नये.

हिशेब सोपा आहे. ४० टक्क्यांच्या २० मिलिलिटर व्हिस्कीत ५ मिलिलिटर पाणी घातले की ती ३२ टक्क्यांवर येते, आणि ही मर्यादा तिथे संपते. ५८ टक्क्यांच्या तेवढ्याच व्हिस्कीला ४५ टक्क्यांवर आणायला जेमतेम ६ मिलिलिटर पाणी लागते. ड्रॉपर किंवा लहान चमचा हाताशी ठेवून थोडे थोडे पाणी घालावे आणि प्रत्येक वेळी पुन्हा वास घ्यावा. ही पायरी घाईने उरकली की संपलीच, कारण घातलेले पाणी परत काढता येत नाही. पाणी साधे, गंधहीन आणि खोलीच्या तापमानाचे असावे. क्लोरीनचा वास येणारे पाणी कितीही चांगल्या व्हिस्कीची वाट लावते.

बर्फाने जळजळ कमी होते, पण थंडीमुळे गंधरेणूंचे उडणेही मंदावते, त्यामुळे चव शिकताना बर्फ नको. सोड्याचे बुडबुडे गंध वर आणतात खरे, परंतु पातळपणा इतका वाढतो की बारकावे उरत नाहीत. शिकण्याची बैठक आणि आनंदाची बैठक वेगळी असते. दुसरीत ज्याला जसे रुचेल तसे त्याने घ्यावे. थंडगार दगडाचे जे ठोकळे विकले जातात, ते बर्फाइतका गारवाही देत नाहीत आणि पाण्याचा फायदाही देत नाहीत, त्यामुळे मला त्यांचे प्रयोजन कळलेले नाही.

प्रश्न : पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित धूसर झाली. भेसळ समजावी का?

उत्तर : नाही. व्हिस्कीत काही तैलस्वरूप संयुगे असतात, जी अल्कोहोलमध्ये विरघळतात आणि पाणी वाढले किंवा तापमान उतरले की बाहेर पडून द्रव धूसर करतात. ग्राहकांनी बिचकू नये म्हणून पुष्कळ कंपन्या बाटलीत भरण्यापूर्वी व्हिस्की थंड करून गाळून घेतात. ४६ टक्के किंवा अधिक तीव्रतेला धूसरपणा सहसा येत नाही, म्हणून न गाळलेल्या व्हिस्कीच्या बाटलीवर हा ४६ चा आकडा वारंवार दिसतो. तिचा घोट जिभेवर थोडा दाट वाटतो, आणि मला स्वतःला तो अधिक आवडतो.

प्रश्न : बाटलीवर तर कोणताही स्वाद मिसळल्याचा उल्लेख नसतो. मग व्हॅनिला, लवंग, मनुके, नारळ हे वास येतात कुठून?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण स्कॉच व्हिस्कीत पाणी आणि रंगासाठी साधे कॅरमेल यांशिवाय काहीही मिसळण्यास कायद्याने बंदी आहे. हे सगळे वास धान्य, यीस्ट, तांबे आणि लाकूड यांतून तयार होतात.

सातूला मोड आणून ते वाळवले की माल्ट होते. वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची वाळवलेली माती, जाळले, तर त्याच्या धुरातली फिनॉल वर्गातली संयुगे दाण्याला चिकटतात आणि पुढे धूर, डांबर, आयोडीन अशा वासांच्या रूपाने ग्लासात येतात. माल्टचे दळण गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस काढतात आणि त्यात यीस्ट सोडतात. अल्कोहोल याच टप्प्यावर तयार होते, आणि फळांचे वासही याच टप्प्यावर जन्मतात. यीस्ट एस्टर नावाची संयुगे बनवते : आयसोअमाइल ॲसिटेटला केळ्याचा वास असतो, एथिल हेक्झॅनोएटला सफरचंदाचा. दोन दिवसांत उरकलेल्या आंबवणीतून धान्याकडे आणि सुक्यामेव्याकडे झुकणारा वास येतो. ती तीन-चार दिवस चालू दिली तर फळांचे वास वाढतात.

त्यानंतर हा आंबवलेला द्रव तांब्याच्या भांड्यात उकळून त्याची वाफ थंड करतात; हेच ऊर्ध्वपातन. तांबे येथे केवळ परंपरेपोटी टिकलेले नाही. गंधकयुक्त, उग्र वासाची संयुगे वाफेतून ओढून घेण्याचे काम ते करते. भांड्याची मान जितकी उंच तितकी जड वाफ वर पोहोचण्याआधी पुन्हा खाली पडते आणि मिळणारे मद्य हलके होते. ग्लेनमॉरंजी या स्कॉटलंडमधील कारखान्याच्या भांड्यांची मान पाच मीटरांहून उंच आहे आणि तिथली व्हिस्की नाजूक, फुलाफळांच्या वासाची आहे, हा योगायोग नव्हे.

आपण विचारलेले व्हॅनिला, लवंग आणि नारळ मात्र लाकडातले आहेत. ओकचे पिंप आतून भाजले की लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटते; लवंगेचा युजेनॉल आणि नारळाचा वास देणारे लॅक्टोनही ओकमधूनच उतरतात, आणि हे लॅक्टोन अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये विशेष असतात. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवेकोरे ओकचे पिंप वापरण्याचे अमेरिकी कायद्याचे बंधन आहे, म्हणून तिच्यात व्हॅनिला इतका ठळक असतो. बर्बनला पुन्हा न लागणारी हीच पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. मनुके, अंजीर, सुकी फळे असे वास आले तर शेरी ही स्पॅनिश वाइन मुरवलेल्या पिंपाचा तर्क करावा. तो बहुधा बरोबर निघतो.

प्रश्न : १२ वर्षांपेक्षा १८ वर्षांची व्हिस्की चांगलीच असणार ना? आणि गडद रंगाची जास्त मुरलेली?

उत्तर : दोन्ही समजुती सोडून द्याव्यात. बाटलीवरचे वय म्हणजे मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय असते. स्कॉच किमान ३ वर्षे, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या ओक पिंपात मुरली पाहिजे; त्यापुढे किती मुरवायची हे पिंप आणि हवामान ठरवते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के मद्य पिंपातून उडून जाते. उष्ण प्रदेशात ते कितीतरी अधिक उडते आणि लाकूडही झपाट्याने आपला अर्क सोडते, त्यामुळे तिथली पाच-सहा वर्षांची व्हिस्कीही पुरेशी प्रौढ असू शकते. फार काळ मुरलेल्या व्हिस्कीत कधीकधी लाकडाचा तुरटपणाच उरतो आणि धान्य, फळे सगळी बुजून जातात. वय जास्त म्हणजे व्हिस्की दुर्मीळ, एवढे खात्रीने म्हणता येते. रंगाचे म्हणाल, तर स्कॉचमध्ये कॅरमेलने रंग देण्याची मुभा आहे, बर्बनमध्ये नाही. म्हणून स्कॉचचा गडदपणा पाहून काहीही ठरवू नये. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारांबद्दलही काहींनी विचारले आहे. त्या पाणी आणि अल्कोहोल यांच्या पृष्ठताणातील फरकामुळे तयार होतात आणि दर्जाविषयी काही सांगत नाहीत.

प्रश्न : जाणकार व्हायचे तर ब्लेंडेड व्हिस्की सोडून सिंगल माल्टकडेच वळावे लागेल का?

उत्तर : वळण्याआधी ‘सिंगल’ कशाला म्हणतात ते पाहू. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत (मद्य गाळण्याच्या कारखान्यात), केवळ माल्ट केलेल्या सातूपासून, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या तांब्याच्या भांड्यात, बनलेली व्हिस्की. ती एकाच पिंपातली असते असे नाही. एका बाटलीत अनेक पिंपांचे मिश्रण असणे हीच सर्वसाधारण रीत आहे. ब्लेंडेडमध्ये निरनिराळ्या डिस्टिलरींच्या माल्टसोबत ग्रेन, म्हणजे गहू-मक्यासारख्या इतर धान्यांचीही, व्हिस्की असते, जी सलग चालणाऱ्या उंच स्टिलमध्ये बनते. या स्टिलचे पेटंट एनियास कॉफी यांनी १८३० मध्ये घेतले. तिच्यातून निघालेल्या मद्याला व्हिस्की म्हणावे की नाही, यावर इतका वाद झाला की १९०८ मध्ये ब्रिटनला त्यासाठी शाही आयोग नेमावा लागला. आयोगाने पुढच्या वर्षी कौल ग्रेनच्या बाजूने दिला. जगात विकल्या जाणाऱ्या स्कॉचचा मोठा भाग आजही ब्लेंडेडच आहे, आणि वर्षानुवर्षे बदलत्या पिंपांतून तीच चव पुन्हा जुळवण्याचे कसब मला तरी लहान वाटत नाही. शिकण्यासाठी मात्र सिंगल माल्ट सोयीची, कारण तिच्यात एका डिस्टिलरीचा स्वभाव वेगळा ओळखता येतो.

प्रश्न : धुरकट व्हिस्की मला औषधासारखी लागते. ती आवडलीच पाहिजे का? आणि तिचा पीपीएमचा आकडा काय सांगतो?

उत्तर : आवडली पाहिजे असे काही नाही. औषधाचा वास आपल्याला बरोबर जाणवला, कारण पीटच्या धुरातली क्रेसॉल वर्गातली संयुगे जंतुनाशकांतही वापरली जात. पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग; हा आकडा सहसा वाळवलेल्या माल्टमधल्या फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नसतो. मधल्या प्रक्रियेत त्यातला बराच भाग निघून जातो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लगावुलिन आणि कॉल इला या दोन डिस्टिलरी जवळपास सारख्याच प्रमाणात धुरावलेले माल्ट घेतात, तरी एकीची व्हिस्की भरदार आणि दुसरीची हलकी, तजेलदार असते. ऊर्ध्वपातनात फिनॉल उशिरा उतरतात, त्यामुळे मद्य गोळा करणे कधी थांबवायचे, यावरही धुराचे प्रमाण ठरते. धुराची ओळख करून घ्यायचीच असेल तर सौम्य धुराच्या व्हिस्कीपासून सुरुवात करावी आणि ती बैठकीत शेवटी ठेवावी, नाहीतर पुढच्या प्रत्येक ग्लासाला धूरच लागतो.

प्रश्न : मी नियमाने टिपणे काढतो, पण तज्ज्ञांच्या वर्णनातले हीदर आणि टॉफी मला एकदाही सापडलेले नाहीत. कुठे चुकते?

उत्तर : हीदर हे स्कॉटलंडच्या माळरानांवरचे फूल. ज्या फुलाचा वास आपण कधी घेतला नाही, ते आपल्याला ग्लासात सापडणार कसे? वर्णन करणारा आपल्या आठवणीतला वास सांगतो आणि आपण त्याच्या आठवणी स्वतःच्या नाकात शोधत बसतो. त्याचे वर्णन आधी वाचूच नये. आपल्याला ओली माती, जुन्या पुस्तकाची पाने, नवे चामडे किंवा नुकतीच विझवलेली आगकाडी आठवली, तर तेच लिहावे. नेमका शब्द सापडत नसेल तर मोठ्या कप्प्यापासून सुरुवात करावी : हा वास फळाचा की धान्याचा, फुलाचा की लाकडाचा, धुराचा की गंधकाचा? फळाचा ठरला तर ताज्या की सुक्या, आणि ताज्या फळांत आंबट की गोड, असे एकेक पाऊल आत जावे. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या पेंटलंड्स संशोधन संस्थेत तयार झालेले स्वादचक्र याच तत्त्वावर बेतले आहे. आतल्या वर्तुळात ढोबळ गट आणि बाहेर त्यांचे बारकावे.

आपल्या टिपणांतली खरी उणीव मला वेगळीच दिसते. आपण एका वेळी एकच व्हिस्की घेऊन तिच्याविषयी लिहिता. एकट्या वासाची आठवण नाकाला नीट धरता येत नाही. त्याला फरक लवकर कळतो. म्हणून दोन ग्लास शेजारी ठेवावेत आणि त्यांत एकाच गोष्टीचा फरक असेल असे पाहावे : एकाच डिस्टिलरीची बर्बनच्या पिंपातली आणि शेरीच्या पिंपातली, किंवा एकच व्हिस्की पाण्यासह आणि पाण्याविना. आपल्या टिपणात ‘दुसरीपेक्षा गोड’, ‘पहिलीपेक्षा कोरडी’ अशी वाक्ये येऊ लागली की प्रगती सुरू झाली असे समजावे.

याहून कठोर परीक्षा हवी असेल तर तीन सारखे ग्लास घ्यावेत. दुसऱ्या कोणाला तरी दोघांत एक आणि तिसऱ्यात वेगळी व्हिस्की ओतायला सांगावे आणि वेगळा ग्लास फक्त वासाने ओळखावा. निव्वळ नशिबानेही तीनदा एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ही परीक्षा क्रम बदलून पुन्हा पुन्हा घ्यावी. बाटलीचे नाव दिसत असताना जे फरक ढळढळीत वाटतात, त्यांतले पुष्कळसे येथे नाहीसे होतात. मन थोडे खट्टू होते, पण जे फरक उरतात ते पक्के असतात.

मध्ये मध्ये नाक थकते. तेव्हा आपल्याच बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्यावा. ओळखीचा गंध मिळाला की नाक ताळ्यावर येते. अत्तर, सुवासिक साबण आणि शेजारच्या खोलीतला स्वयंपाक यांच्यापासून दूर बसावे.

प्रश्न : चव घेण्यासाठी खास ग्लास लागतोच का?

उत्तर : तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा कोणताही लहान ग्लास चालतो, कारण त्यात वास एकत्र येतो. २००१ पासून प्रचारात असलेला ग्लेनकेर्न ग्लास याच आकाराचा आहे. वाइनच्या लहान ग्लासानेही काम भागते. रुंद तोंडाचा, सरळ भिंतींचा ग्लास बर्फासाठी ठीक, वासासाठी नाही.

प्रश्न : एका बैठकीत किती नमुने घ्यावेत? शिकायचे म्हणजे जास्त प्यावे लागेल, अशी घरच्यांना धास्ती आहे.

उत्तर : तीन नमुने पुष्कळ झाले, चौथ्याला नाक साथ देत नाही. प्रत्येकी १० ते १५ मिलिलिटरवर काम होते, आणि बहुतेक काम वासाचे असल्याने चाखून थुंकले तरी शिकण्यात फारसे उणे होत नाही. व्यावसायिक मंडळी तसेच करतात. घरच्यांच्या धास्तीलाही आधार आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जे मद्य घेत नाहीत त्यांनी केवळ चवीच्या कुतूहलापोटी ते सुरू करावे, असा सल्ला मी देणार नाही. उपाशीपोटी बसू नये, सोबत पाणी प्यावे आणि त्यानंतर वाहन चालवू नये.

प्रश्न : उघडलेली बाटली किती दिवस टिकते? ती वाइनसारखी आडवी ठेवावी का?

उत्तर : बाटली उभीच ठेवावी, कारण तीव्र अल्कोहोल बुचाला सतत लागत राहिले तर बूच कुजून चुरते आणि त्याचा वास व्हिस्कीत उतरतो. बंद बाटलीत व्हिस्की आणखी मुरत नाही; तिचे वय पिंपातून बाहेर पडताच थांबते. उघडल्यानंतर ती नासत नाही, परंतु बाटलीत हवा वाढत गेली की हलके फळांचे वास आधी मावळतात. अर्ध्याहून अधिक भरलेली बाटली कित्येक महिने चांगली राहते. तळाशी थोडीच उरली असेल तर ती लहान, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून उन्हापासून दूर ठेवावी आणि बाहेर नावासोबत उघडल्याची तारीख लिहावी.